पाणी बोलतं तिथं उतार

प्रश्न : घरी पूजा झाली की आजी पळीभर पाणी हातावर घालते आणि म्हणते, ‘तीर्थ घे.’ तुळजापूरला गेलो की पायऱ्या उतरून आम्ही कल्लोळ तीर्थापाशी थांबतो, हातपाय धुतो. गावाच्या नावामागे मात्र ‘श्रीक्षेत्र’ लिहितात. ‘तीर्थक्षेत्र’ हा जोडशब्द तर रोज वाचनात येतो. मग तीर्थ म्हणजे नेमकं काय? पळीतलं पाणी, कुंड, की अख्खं गाव? आणि क्षेत्र वेगळं का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या पत्राचं उत्तर मला पुस्तकाआधी माझ्या आजोबांनी दिलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माझं आजोळ गोदाकाठी, पैठणच्या वरच्या अंगाला. आज ते गाव नाथसागराच्या पाण्याखाली आहे. लहानपणी आम्ही अलीकडच्या काठापर्यंत एसटीनं जायचो आणि तिथून पलीकडे बैलगाडीनं. पूल नव्हता. दिवाळीच्या सुमाराला नदी उतरलेली असायची, पण कुठूनही गाडी घालावी असं नव्हतं. आबा अलीकडे येऊन उभे राहायचे, धोतराचा काचा मारलेला, हातात पुरुषभर उंचीची काठी. आधी नुसतेच उभे राहून ऐकायचे. मी विचारलं, ‘आबा, काय ऐकता?’ तर म्हणाले, ‘पाणी बोलतं तिथं उतार, गप्प तिथं डोह.’ मग पाण्यात शिरायचे. काठी आधी, पाय मागनं. नदी सरळ कापायची नाही, प्रवाहाच्या कलानं तिरकं जायचं. काठी खालच्या गोट्यांवर टक् टक् वाजली की हात वर करायचे, आणि गाडीवान बैलांना हाक घालायचा. पाणी बैलांच्या पोटाला लागायचं, आख बुडायचा, आणि आई आम्हाला ‘हलू नका’ म्हणून दटावायची.

नदी जिथून पायी ओलांडता येते त्या जागेला आपण मराठीत उतार म्हणतो. संस्कृतात त्या जागेचं नाव तीर्थ. हा या शब्दाचा पहिला अर्थ, आणि बाकीचे सगळे अर्थ या एका जागेतून निघाले आहेत.

धातू आहे तॄ, म्हणजे तरणे, पार होणे. त्याला थ लागून तीर्थ झालं. ‘ज्यानं तरून जाता येतं ते’ अशी त्याची फोड पंडित करतात. आणि उतार? उत् आणि तोच तॄ. म्हणजे आबांच्या तोंडचा उतार आणि पोथीतलं तीर्थ ही सख्खी भावंडं आहेत. एक शेतकऱ्याच्या घरी राहिलं, दुसरं भटजींच्या. त्याच घराण्यात तरणे, तारणे, तारू, उतारू, अवतार हे शब्द येतात, नदीचं तीर येतं आणि कोकणात खाडी ओलांडून नेणारी तरही येते. बाणाला म्हणतो तो तीर मात्र फारसीतून आलेला, त्याचा या कुळाशी संबंध नाही.

आता जुना पुरावा बघा. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात, सत्तेचाळिसाव्या सूक्तात, आदित्यांना एक मागणं आहे : सुतीर्थमर्वतो यथा. घोड्यांना चांगल्या उतारावरून नेतात तसं आम्हाला सोप्या वाटेनं न्या. स्नान नाही, पुण्य नाही, देऊळ नाही. घोडे आहेत, पाणी आहे आणि पाय ठेवायला घट्ट तळ आहे. अथर्ववेदाच्या अठराव्या कांडात हा शब्द मेलेल्या माणसाच्या वाटेसाठी येतो : तीर्थैस्तरन्ति प्रवतो महीः. पुण्यवंत ज्या वाटेनं जातात तिथली मोठमोठी अंतरं तीर्थांनी पार होतात, असा त्याचा भाव. इथं नदी नुसती नदी राहिलेली नाही. अलीकडचा काठ म्हणजे हे जग, पलीकडचा काठ म्हणजे दुसरं. शब्द कुठे वळला ते इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

आणि एक ओळ तर आपल्याकडे घरोघर म्हटली जाते. वडील सोमवारी रुद्र म्हणायचे. त्या स्तोत्राच्या अगदी शेवटच्या अनुवाकात, म्हणजे भागात, येतं, ये तीर्थानि प्रचरन्ति सृकावन्तो निषङ्गिणः. ‘जे हातात शस्त्रं घेऊन तीर्थांवरून हिंडतात’ त्या रुद्रांना उद्देशून आहे ते. लहानपणी मला वाटायचं, देवळात कशाला शस्त्रं? तीर्थ म्हणजे उतार हे कळलं तेव्हा उलगडा झाला. उतारावर माणूस अडकलेला असतो. पाय पाण्यात, डोक्यावर गाठोडं, पोरं कडेवर. लुटारूला तीच जागा बरी आणि राखणदारालाही तीच. भीती आणि भरवसा दोन्ही एकाच ठिकाणी असतात, म्हणून तिथं देवाची आठवण होते. पुढे देऊळ उभं राहतं ते त्या आठवणीवर.

मग उताराचं स्नानाचं ठिकाण कसं झालं? मला तरी हे अगदी सहज घडलेलं दिसतं. उतार म्हणजे जिथं पाण्यात सुखरूप उतरता येतं ती जागा. गुरं तिथंच पाण्यावर येतात, बाया तिथंच घागर भरतात, वाटसरू तिथंच आंघोळ करून भाकरी सोडतो. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तीर्थाचे अर्थ एका ओळीत दिले आहेत : निपानागमयोस्तीर्थमृषिजुष्टे जले गुरौ. पहिला अर्थ निपान, म्हणजे गुराढोरांची पाणी पिण्याची जागा. मग आगम, म्हणजे शास्त्र. मग ऋषींनी सेवलेलं पाणी. आणि शेवटी गुरू. तुमच्या कल्लोळ तीर्थाचा अर्थ तिसरा. तिथं ओलांडायला नदी नाही, पण पाण्यात उतरायच्या पायऱ्या आहेत, आणि भवानीपुढे जाण्याआधीचा तो टप्पा आहे. हरिश्चंद्रगडावरची सप्ततीर्थ पुष्करिणी, त्र्यंबकचं कुशावर्त, नाशिकचं रामकुंड, सगळी याच ओळीतली.

पाणी उचलून आणलं तरी नाव सोबत आलं. देवाच्या पायांवरून आलेलं पाणी म्हणून पळीतलं तीर्थ. आजी ते देताना ‘अकालमृत्युहरणं सर्वव्याधिविनाशनम्’ म्हणत असतील, त्यात पुढे ‘विष्णुपादोदकं तीर्थं’ असं येतं. आता तुमचा तळहात बघा. तीर्थ घेताना आपण हाताची खोलगट वाटी करतो आणि अंगठ्याच्या बुडाकडून पाणी तोंडात घेतो. त्या जागेला ब्रह्मतीर्थ म्हणतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तळहातावरची तीर्थं सांगितली आहेत : अंगठ्याच्या मुळाशी ब्राह्म, करंगळीच्या मुळाशी प्रजापतीचं, बोटांच्या अग्रांवर दैव, आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या खाचेत पितरांचं. तर्पणाच्या वेळी पाणी त्या खाचेतून सोडतात, देवांना द्यायचं तर बोटांच्या टोकांवरून. वडिलांचं पहिलं श्राद्ध भावानं केलं तेव्हा गुरुजी त्याचा अंगठा धरून पुनःपुन्हा सांगत होते, ‘इकडून नाही, इकडून.’ इथंही तीर्थ म्हणजे वाटच. हातावरचं पाणी ज्या वाटेनं त्या त्या ठिकाणी पोहोचतं ती.

आता क्षेत्र. हा शब्द कोरड्या जमिनीचा आहे. क्षि म्हणजे राहणे, वस्ती करणे, त्यातून क्षेत्र, आणि त्याचा साधा अर्थ शेत. साधा म्हणजे अगदी तोच, कारण आपलं शेत हा क्षेत्र शब्दच झिजून तयार झालाय. मक्षिकेची हिंदीत मक्खी झाली आणि मराठीत माशी, तसं क्षेत्राचं हिंदीत खेत आणि मराठीत शेत. कुरुक्षेत्र म्हणजे कुरू राजाची जमीन. त्यानं ती स्वतः नांगरली अशी कथा महाभारतात आहे. शब्द पाहायचा असेल तर घरातला सातबारा काढा. त्यावर ‘क्षेत्र’ लिहून हेक्टर आणि आर दिलेले असतात. तेच क्षेत्र, जे आळंदीच्या नावामागे श्री लावून लिहितात. (आणि सातबाऱ्याला आपण उतारा म्हणतो, म्हणजे तिथंही तॄ येऊन बसलाच.)

तेव्हा फरक असा : क्षेत्राला हद्द असते, तीर्थाला काठ असतो. त्र्यंबकेश्वर हे क्षेत्र आणि त्यातलं कुशावर्त हे तीर्थ. पंढरपूर क्षेत्र, चंद्रभागा तीर्थ. क्षेत्रात राहता येतं, क्षेत्रसंन्यास, म्हणजे ते क्षेत्र न सोडण्याचं व्रत, घेऊन आयुष्य काढता येतं. तीर्थावर कोणी मुक्काम करत नाही, तिथून पार व्हायचं असतं. बोलण्यात दोन्ही एकमेकांत मिसळले, तीर्थक्षेत्र हा जोडशब्द रूढ झाला, आणि त्यात काही चूक नाही. मात्र बार्शीहून जवळच कुंथलगिरी आहे. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं ते निर्वाणस्थान. डोंगर आहे, नदी नाही, आणि जैन मंडळी त्याला काळजीपूर्वक सिद्धक्षेत्र म्हणतात. त्यांच्या परंपरेत तीर्थ या शब्दाला खास मान आहे. तीर्थंकर म्हणजे उतार तयार करून देणारा. साधू, साध्वी, श्रावक, श्राविका हा चार प्रकारचा संघ हेच तीर्थ, असं ते मानतात. माणसांनी मिळून झालेला उतार. मला ही कल्पना फार मोठी वाटते.

अजून एक सांगायलाच हवं. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांना तीर्थयात्रा सांगतात, तेव्हा सुरुवातीलाच म्हणतात की यज्ञाला सामग्री लागते, पैसा लागतो, तो राजांनी करावा. दरिद्री माणसालाही जे जमेल ते सांगतो, आणि ते म्हणजे तीर्थाला जाणं, ते यज्ञांहूनही श्रेष्ठ. उतार कोणाच्या मालकीचा नसतो. आमच्या नदीवर सगळ्या गावाच्या गाड्या एकाच जागेवरून जायच्या, कारण तळ घट्ट होता तो तेवढाच. ज्यांनी पुढे काही जणांना पाण्यावर येण्यापासून अडवलं, त्यांनी शब्दाचा अर्थच मोडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण हिणवायला वापरतो. मी वर्गात ती शिकवायचे तेव्हा दर वेळी आबा आठवायचे. तो खळखळाट होता म्हणून आम्ही पलीकडे गेलो.

प्रश्न : आमच्याकडे एका फलकावर ‘तिर्थ’ असं ऱ्हस्व लिहिलंय. मुलं विचारतात की दीर्घ का लिहायचं, उच्चारात तर फरक जाणवत नाही. नियम काय सांगू? – एक शिक्षिका, परभणी

उत्तर : मुलांना त्यांचं प्रगतिपुस्तक काढायला सांगा. त्यावर ‘उत्तीर्ण’ लिहिलेलं असतं. उत्, तॄ आणि न. परीक्षेच्या नदीतून पलीकडच्या काठावर निघालेला तो उत्तीर्ण. ज्या धातूंच्या शेवटी दीर्घ ॠ असतो, त्यांना असे प्रत्यय लागले की त्याचा बहुधा ईर् होतो : तॄ – तीर्ण, जॄ – जीर्ण, शॄ – शीर्ण. तीर्थही त्याच साच्यातलं. म्हणून ती दीर्घ. ‘उत्तीर्णमधला ती तोच तीर्थमधला ती’ एवढं सांगितलं की मुलं विसरत नाहीत. मी हे ३१ वर्षं करून पाहिलंय.

फलक रंगवणाऱ्याला मात्र बोल लावू नका. त्याला कोणीतरी कागदावर जसं लिहून दिलं तसं त्यानं रंगवलं. ज्यांनी कागद दिला त्यांच्याशी शांतपणे बोला. बहुतेक वेळा दुरुस्त करतात.

प्रश्न : वडील मार्चमध्ये गेले. त्यांना मी परगावाहून पत्रं लिहायचो, ‘तीर्थरूप बाबांस’ अशी. ती सगळी त्यांनी जपून ठेवली होती, आता माझ्याकडे आली आहेत. माणसाला तीर्थ का म्हणायचं? आणि तीर्थरूप व तीर्थस्वरूप यांत फरक काय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी सोपं उरकते. शाळेत शिकवलं जायचं ते असं : जन्मदात्या आईवडिलांना तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना, म्हणजे काका, मामा, आत्या, थोरले बंधू यांना तीर्थस्वरूप. लिहिताना ‘ती.’ आणि ‘ती. स्व.’ अर्थाच्या दृष्टीनं दोन्हींत फार अंतर नाही, ही रीत आहे, पण चांगली रीत आहे. पाकीट उघडल्याबरोबर नातं कळायचं.

माणसाला तीर्थ म्हणण्याची चाल फार जुनी आहे. वर अमरकोशाची ओळ दिलीच, तिच्यात गुरू हा शेवटचा अर्थ. पाणिनीकडे एकाच गुरूपाशी राहणाऱ्यांना सतीर्थ्य म्हटलंय, एका उतारावरचे सोबती. एक गुरू धड न करता सारखा दारं बदलणारा विद्यार्थी होता, त्याला तीर्थकाक म्हणायचे. तीर्थावरचा कावळा कुठं फार वेळ टिकत नाही तसा हा, असं पतंजलीच्या महाभाष्यात आहे. पुढे शास्त्रात पारंगत झाल्याची पदवीही तीर्थच झाली. वाईचे लक्ष्मणशास्त्री जोशी, मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक, यांना तर्कतीर्थ ही पदवी १९२३ मध्ये कलकत्त्याला मिळाली. तर्काची नदी जो स्वतः उतरून गेलाय आणि दुसऱ्याला उतरवू शकतो, तो तर्कतीर्थ. शंकराचार्यांच्या परंपरेतल्या संन्याशांच्या दहा नावांत तीर्थ हे एक. आमच्या मराठवाड्याला ते स्वामी रामानंद तीर्थांमुळे घरातलं आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांच्या मागून किती माणसं पार झाली, हे तुमच्या सोलापूरकडच्या जुन्या लोकांनाही ठाऊक असेल.

आणि भागवताच्या पहिल्या स्कंधात यात्रेहून परतलेल्या विदुराला धर्मराज म्हणतो की तुमच्यासारखे भक्त स्वतःच तीर्थ झालेले असतात, तीर्थीकुर्वन्ति तीर्थानि, तीर्थांना तेच तीर्थपण देतात. विदुर नात्यानं धर्मराजाचा काका. घरातल्या वडीलधाऱ्याला तीर्थ म्हटल्याचा इतका ठसठशीत दाखला मला दुसरा माहीत नाही. तुकोबांनी हेच उलट बाजूनं सांगितलंय, ‘तीर्थीं धोंडा पाणी । देव रोकडा सज्जनीं.’ तुकोबा चंद्रभागेला कमी लेखत नाहीत. नदी आहे तिथंच आहे, पण तिच्यातून हात धरून नेणारा कोण, ते ते दाखवतात.

तुमच्या बाबांना तुम्ही जो शब्द लिहीत होता तो म्हणून योग्यच होता. ते तुमच्याआधी पाण्यात उतरले होते आणि तळ कुठं घट्ट आहे हे त्यांना पायांनी माहीत होतं. पत्रं जपताना प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल धरते. सुती कापडात गुंडाळा, आणि पावसाळा संपला की एकदा वारा दाखवा.

माझ्याकडे आबांची चारच कार्डं उरली आहेत. पोस्टकार्डं, शाई तपकिरी पडलेली. दर दसऱ्याच्या आगेमागे ते आईला एक कार्ड टाकायचे, कारण उतार दर वर्षी त्याच जागी राहत नाही. पुरानं तळाची वाळू हलते, मागल्या सालचा घट्ट तळ यंदा डोह झालेला असतो. एका कार्डावर वर ‘चि. सौ. मुलीस अनेक आशीर्वाद’, मग बाजरीचं आणि गाईचं थोडं, आणि खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात : ‘यंदा उतार वडाच्या वरच्या अंगास सरकला आहे. जुन्या जागी गाडी घालू नये. मी काठावर येतो, तोवर थांबावे.’